नहपानाचं नाक आणि आजीचं जातं

परवा ऑफिसात 'नो युवर टीम' नावाचा एक प्रकार झाला. प्रत्येकाला एक चिठ्ठी. त्यावर नाव न घालता आपले तीन छंद लिहायचे, चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, आणि मग कोणाची कुठली ते बाकीच्यांनी ओळखायचं. लोकांनी ट्रेकिंग, ट्रॅव्हल, फोटोग्राफी लिहिलं. (दरवर्षी हेच लिहितात आणि दर वीकेंडला मॉलमध्ये भेटतात.) मी मात्र खरं ते लिहिलं: प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत, रोमन अवशेष, विज्ञानकथा.

चिठ्ठी वाचली गेल्यावर दोन सेकंद शांतता. मग टीममधला सगळ्यात नवा मुलगा म्हणाला, "सर, ही एकाचीच चिठ्ठी आहे ना? की तिघांच्या एकमेकींना चिकटल्यात?"

सगळे हसले, मीही हसलो. पण प्रश्न बरोबर होता. या तिघांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला स्वतःलाच कधी सांगता आलेलं नाही. बायकोचं मत असं की ज्या गोष्टींचा घरात काडीचा उपयोग नाही त्या मला आवडतात, हाच संबंध. तेही फारसं चूक नाही :-)

गेल्या महिन्यात नाशिकला गेलो होतो तेव्हा या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ते काही फार सुखाचं नाही, पण लिहून ठेवतो.

आधी थोडी पार्श्वभूमी.

आम्ही नाशिकरोडचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, नोटांच्या छापखान्यात होते. नाशिकरोडला हे काही विशेष नाही, आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात कोणीतरी 'प्रेस'मध्ये असायचं. १९२५ साली तिथे सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ साली नोटांची प्रेस आली, आणि तेव्हापासून आमच्या भागाचं घड्याळ प्रेसच्या भोंग्यावर आणि शिफ्टवर चाललं. बाहेरच्यांना वाटायचं की या लोकांच्या घरात नोटांच्या थप्प्या असतील. घरात होता तो एक रेडिओ.

त्या रेडिओवर शॉर्टवेव्ह लागायचं. अण्णांना बातम्या हव्या असायच्या, आईला गाणी. मला हवं असायचं ते दोन स्टेशनांच्या मधलं. काटा हळूहळू फिरवला की आधी एक बारीक शीळ यायची, ती खाली खाली जात घुमायला लागायची, मग दुसऱ्या कुठल्या तरी भाषेतला माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा बोलायचा, आणि पुन्हा खरखर. मी हे तासन् तास ऐकायचो. अण्णा आतून ओरडायचे, "अरे, एक काहीतरी स्टेशन लाव!" मला स्टेशन नकोच होतं. या आवडीला 'प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत' असं भारदस्त नाव आहे, हे कळायला अजून पंधरा वर्षं जायची होती.

विज्ञानकथा आल्या त्या लायब्ररीतून, आणि आल्या म्हणजे जयंत नारळीकर आले. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. हे वाचल्यावर मीही वहीवर माझं नाव उलटं लिहून पाहिलं होतं. कथा मात्र झाली नाही. असो.

रोमन अवशेष हे सगळ्यात उशिरा आलं. त्याला कारण ऑनसाइट.

२००८ साली आठ महिने जर्मनीत कोलोनला होतो. क्लायंटचं ऑफिस नदीपलीकडे, त्यामुळे शनिवार-रविवारी अलीकडे येऊन भटकायचं. टाउन हॉलच्या खाली जमिनीत रोमन सुभेदाराच्या वाड्याच्या भिंती आहेत. महायुद्धात शहर उद्ध्वस्त झालं होतं, १९५३ मध्ये नवा टाउन हॉल बांधायला पाया खणला तेव्हा त्या लागल्या. वर सरकारी कचेरी, खाली दोन हजार वर्षांपूर्वीची सरकारी कचेरी. तिथल्या म्युझियममधली एक अख्खी रंगीत फरशी तर १९४१ मध्ये बॉम्बपासून लपायला तळघर खणताना सापडली. वरून शहर मोडत असताना खालून दुसरं शहर वर येत होतं.

या वाड्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर रेडिओची इमारत. कोलोनच्या रेडिओने पन्नासच्या दशकात एक स्टुडिओ काढला, फक्त यंत्रातून निघणाऱ्या आवाजांचं संगीत करायला. त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम मे १९५३ मध्ये झाला. म्हणजे ज्या वर्षी एकीकडे भिंती वर आल्या, त्याच वर्षी दुसरीकडे हे आवाज बाहेर पडले. पुढे १९५६ मध्ये श्टॉकहाउझेनने तिथे एक रचना केली. बारा वर्षांच्या एका मुलाचा गाणारा आवाज टेपवर घेतला, कापला, तुकडे जोडले, आणि यंत्राच्या आवाजात मिसळून टाकला. ऐकताना बहुतेक वेळ नुसत्या शिट्या आणि थेंब. मधूनच एखादा शब्द कळतो आणि पुन्हा बुडतो.

मी हॉस्टेलच्या खोलीत हेडफोन लावून ते ऐकलं आणि मला आमचा रेडिओ आठवला. त्यानंतर कोणाचा तरी आवाज आठवला, आणि मी घाईघाईने ते बंद केलं. त्याबद्दल पुढे येईलच.

परत आल्यावर माझी एक तक्रार होती, की आपल्याकडे यातलं काही नाही. कुठे रोम आणि कुठे नाशिक! ही तक्रार दोन-तीन वर्षं टिकली. मग एका पावसाळी रविवारी पांडवलेण्यांवर गेलो.

नाशिकच्या माणसाने पांडवलेणी पाहिलेली नसतात, तो तिथे गेलेला असतो. शाळेच्या सहलीला, पहिल्या पावसात भजी खायला, किंवा कॉलेजात जोडीने. भिंतीवर काय लिहिलंय ते कोण वाचतो? मी त्या दिवशी पहिल्यांदाच पुस्तक घेऊन गेलो आणि चोवीस लेण्यांमधून शोधत शोधत सतराव्यापर्यंत पोचलो. तिथे लिहिलंय की हे लेणं, आतलं चैत्य आणि पाण्याची टाकी धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने कोरवून घेतली. हा इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा यवन म्हणवतो. म्हणजे ग्रीक, किंवा त्या पश्चिमेच्या जगातला कोणीतरी. हा माणूस आपल्या मुलाला घेऊन आमच्या डोंगरावर आला आणि आईवडिलांच्या पुण्यासाठी त्याने दगड कोरवला.

आईवडिलांसाठी. हा शब्द मी तेव्हा वाचून पुढे गेलो.

दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. हा शक क्षत्रप नहपान इथला राजा, सातवाहनांकडून त्याने हा मुलूख घेतलेला. जावयाने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव ठेवली: २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने, आणि १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंची वस्त्रं भागवायची. ही सरळ फिक्स्ड डिपॉझिटची पावती आहे, फक्त दगडावरची. त्याच लेखात ३५ कार्षापणांना एक सुवर्ण असा एक्स्चेंज रेटही दिलाय!

एवढा पैसा होता कारण व्यापार होता. पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक माणसाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासी मार्गदर्शकात भडोच, कल्याण, पैठण, तेर ही सगळी नावं आहेत. पैठणचा आणि तेरचा माल गाड्यांवरून भडोचला जायचा. तिकडून यायचं काय? तांबं, कथील, पोवळं, रोमन सोन्याचांदीची नाणी, राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारे गुलाम, आणि वाइन. त्यात इटलीची वाइन सगळ्यात चालायची. द्राक्षांच्या बागा मिरवणाऱ्या नाशिककरांनी नोंद घ्यावी, दोन हजार वर्षांपूर्वी आपण गिऱ्हाईक होतो :-)

इकडचा मालही तिकडे पोचत होताच. १९३८ मध्ये पाँपेईच्या राखेतून एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, ती भारतात घडलेली. तिच्याशी नातं सांगणारी हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला सापडली आहे. आणि रोमन जगातला एक ब्राँझचा समुद्रदेव कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात, १९४५-४६ साली वर आला. म्हणजे 'आपल्याकडे यातलं काही नाही' ही तक्रार मागे घ्यावी लागली.

पण माझ्या डोक्यात रुतून बसलं ते जोगलटेंभी. हे गाव आमच्या सिन्नर तालुक्यातलंच. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांच्या वर नाणी. सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचं तोंड आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपी. तोंड पाहिलं की रोमन नाण्यांवरचे चेहरे आठवतात. तर या १३ हजारांतल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचं घराणं संपवलं, त्याची नाणी गोळा केली, आणि त्यांच्यावर एक डोंगर आणि एक उज्जैन चिन्ह हाणलं.

एका नाणी जमवणाऱ्या काकांनी असं एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं होतं. आजच्या एक रुपयाहून लहान. त्यावर डोंगराच्या कमानी स्पष्ट होत्या. काका म्हणाले, "उजेडात जरा तिरपं धरा." धरलं, तर डोंगराच्या कडेने एक नाक बाहेर आलेलं. नहपानाचं नाक! राज्य गेलं, घराणं गेलं, वर दुसऱ्याचा शिक्का बसला, आणि हे नाक आपलं बाहेर.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. मला वाटलं होतं नेहमीसारखं "बरं" म्हणतील. पण पैशाचा विषय निघाला की त्यांच्यातला प्रेसवाला जागा होतो.

"सगळी वितळवून नवीन का नाही पाडली?" त्यांनी विचारलं.

"घाई असेल. ठसा मारणं स्वस्त आणि पटकन."

"हं. नोटेचं तसं नसतं. नोट बाद झाली की तिचा भुगा करतात. तिच्यावर परत छापत नाहीत." थोडं थांबून म्हणाले, "म्हणून नोटेखाली काही सापडत नाही."

२०१६ च्या नोटाबंदीत मला हे वाक्य फार आठवलं होतं. गौतमीपुत्राने काम चोख केलं असतं, सगळी चांदी वितळवली असती, तर त्या साठ्यात नुसती त्याची नाणी मिळाली असती आणि खाली कोण होतं याचा पत्ता लागला नसता. त्याच्या विजयाचा इतका चांगला पुरावा आपल्याकडे आहे, याचं कारण त्याने जुनं नीट पुसलं नाही.

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ टाळत होतो हे लक्षात आलं असेलच.

१९८५ साली अण्णांनी प्रेसमधल्या एका मित्राचा टेपरेकॉर्डर दोन दिवसांसाठी मागून आणला होता. आजी, म्हणजे अण्णांची आई, गावाला पहाटे दळताना ओव्या म्हणायची. तोपर्यंत गावात गिरणी केव्हाच आली होती, पण ती सणावाराचं थोडंसं तरी जात्यावर काढायचीच. अण्णा पहाटे उठून तिच्याजवळ बसले आणि साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू, अर्धा तास, त्यांनी ते सगळं टेप केलं. दोन वर्षांनी आजी गेली.

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या पट्ट्या असतात. त्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. अण्णांनी त्या तोडून ठेवल्या होत्या. आताच्या भाषेत राइट प्रोटेक्ट.

१९९३. मी चौदा वर्षांचा. घरात तोपर्यंत आमचा स्वतःचा टू-इन-वन आलेला. मला रेडिओवरच्या माझ्या त्या शिट्या टेप करायच्या होत्या. कोरी कॅसेट नव्हती. कपाटात नाव न लिहिलेली एक सापडली. पट्ट्या तोडलेल्या होत्या, पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की काम होतं, हे शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. मी चिकटपट्टी लावली. आत काय आहे ते आधी ऐकावं, एवढीही अक्कल नव्हती. अर्धा तास शॉर्टवेव्ह टेप केलं. फार खूश होतो.

१९९६ मध्ये आजीच्या श्राद्धाला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर आत्या म्हणाली, आईची कॅसेट लाव रे. अण्णांनी कपाटातून काढली, घातली, बटण दाबलं. खर्रर्र. शीळ. पुन्हा खर्रर्र.

मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्या क्षणी कळलं. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय तेही.

अण्णांनी पाच-सहा सेकंद ऐकलं, बंद केलं, आणि सगळ्यांना म्हणाले, "खराब झालेली दिसतेय. दमट हवेने होतं असं." आत्या जरा हळहळली. मग कोणीतरी पानसुपारी काढली.

हा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. अण्णांनी मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मी इंजिनिअर झालो, पुण्याला आलो, लग्न, मुलगी, ऑनसाइट, सगळं झालं. कोलोनला हेडफोनमधून तो बुडणारा आवाज आला तेव्हा मी बंद का केलं, ते आता कळलं असेल.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा बऱ्याच जणांनी वाचली असेल. तीत गंगाधरपंत अशा जगात जाऊन येतात जिथे मराठे पानिपत जिंकलेत. परत आल्यावर कोण विश्वास ठेवणार? पण त्यांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं, त्या दुसऱ्या जगातलं. मी ही कथा किती वेळा वाचली असेल याला गणती नाही. माझं पानिपत छोटं होतं. एक असं जग, जिथे १९९३ च्या त्या दुपारी मला चिकटपट्टी सापडत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये साहित्य संमेलन नाशिकला झालं, नारळीकर अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मी पुन्हा तीच कथा काढून वाचली, आणि पहिल्यांदाच लक्ष त्या फाटक्या पानावर अडकलं.

त्याआधी, २०२३ मध्ये, आणखी एक गोष्ट झाली होती. अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने एक मूग सिंथेसायझर आणून स्टुडिओ उभा केला होता. तिथे आपल्याच लोकांनी तीन-चार वर्षं जे आवाज केले, त्याच्या टेपा तिथेच पडून होत्या. पॉल परगस नावाच्या संगीतकाराला त्या सापडल्या, आणि २०२३ मध्ये त्या प्रसिद्ध झाल्या. त्यात जिनराज जोशीपुरांची एक रचना आहे, नाव 'स्पेस लाइनर २००१'. विज्ञानकथा आणि सिंथेसायझर एकत्र, आपल्या इथे! तसे आपले चरणजित सिंगही होतेच. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातला हा माणूस १९८२ मध्ये मुंबईत रोलँडच्या यंत्रांवर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढतो, ती कोणी घेत नाही, आणि २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाल्यावर लोक तोंडात बोटं घालतात, की हे तर शिकागोच्या अॅसिड हाउसच्या आधीचं.

या सगळ्याचा माझ्यावर एकच परिणाम झाला. माळ्यावरच्या, विसरलेल्या टेपांबद्दल मला उगाच आशा वाटायला लागली.

गेल्या महिन्यात आईने माळा साफ करायला काढला, आणि त्यातून ती कॅसेट निघाली. चिकटपट्टी पिवळी पडलेली, पण अजून जागेवर.

आता जरा तांत्रिक, चालवून घ्या. टेपरेकॉर्डर आधी एका हेडने जुनं पुसतो आणि मग दुसऱ्या हेडने नवं लिहितो. पण दोन वेगळ्या मशीनची हेडं कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात. एकाने लिहिलेला पट्टा दुसऱ्याने पुसला तर केसाएवढी कड शिल्लक राहू शकते. आजीचा आवाज मागून आणलेल्या मशीनवर, माझ्या शिट्या आमच्या टू-इन-वनवर. शिवाय पुसतानाही जाड, खर्जातले आवाज सगळ्यात शेवटी जातात. म्हणजे नाक उरायची शक्यता होती.

शालिमारला एक जुने रिपेअरवाले काका आहेत. त्यांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत. एक डेक उघडला, स्क्रूड्रायव्हरने हेड किंचित वरखाली करत बसले. दीड तास. शेवटी म्हणाले, "काहीतरी आहे बरं का खाली. गाणं नाही, घरघर आहे." ते सगळं लॅपटॉपवर घेतलं आणि पुढचे दोन वीकेंड माझ्या शिट्या वरून खरवडत बसलो. वरचा थर मी पुरता ओळखत होतो, मीच केलेला. हे काम आयुष्यात दुसऱ्या कोणाला जमलं नसतं, आणि दुसऱ्या कोणावर करायची वेळही आली नसती.

हाती लागले अकरा सेकंद. तीस मिनिटांतले अकरा सेकंद.

अण्णा आता ७८ वर्षांचे आहेत. ऐकू कमी येतं. मी हेडफोन घेऊन त्यांच्यापुढे बसलो आणि म्हटलं, "अण्णा, ती आजीची कॅसेट. ती दमटपणाने खराब झाली नव्हती. मी तिच्यावर टेप केलं होतं."

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "चिकटपट्टी दिसत होती ना."

एकोणतीस वर्षं. मला पुढे काय बोलावं सुचेना. मी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि बटण दाबलं.

मला त्यात ऐकू येते ती एक खालची, गोल फिरणारी घरघर, आणि शेवटाकडे अर्धवट एक स्वर. शब्द एकही कळत नाही. माझ्या संग्रहातल्या कुठल्याही सीडीत हा तुकडा घुसडला तर कोणाला संशय येणार नाही. अण्णांनी डोळे मिटले. अकरा सेकंद झाले. "परत लाव." परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांचा उजवा हात मांडीवर हळूच फिरायला लागला, खुंटा धरल्यासारखा.

"जातं आहे," ते म्हणाले. "घास घातला की आवाज असा बसतो. बघ, इथे घातला तिने."

मग बऱ्याच वेळाने, "आणि वरचं? तुझं?"

"ते काढून टाकलं. म्हणजे कॅसेटवर आहे अजून, पण..."

"काढू नकोस. दोन्ही ठेव."

पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, गौतमीपुत्राच्या आईचा. मुलगा गेल्यानंतर तिने तो कोरवला, नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी. आपल्या मुलाने कोणाकोणाला हरवलं, नहपानाचं घराणं कसं संपवलं, ते सगळं तीत आहे. त्या नाण्यांवर ठसे मारणाऱ्या माणसाबद्दल जे आपल्याला माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्याच्या आईने लिहून ठेवलं म्हणून. आमच्या घरात उलटं झालं. आईचं होतं ते मुलाने जपून ठेवलं होतं, आणि नातवाने ठसा मारला.

एकोणतीस मिनिटं एकोणपन्नास सेकंद गेली ती गेलीच. 'खाली काहीतरी उरतंच' असं गोड गोड वाक्य लिहून मी यातून सुटणार नाही. नहपानाचं नाक उरलं म्हणून नहपान परत आलेला नाही. पण चिठ्ठीवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. तीन छंद नाहीतच. वरचं किंचित सरकलं की खालचं कुठे दिसतंय का, हे शोधत बसण्याची एकच खोड आहे, आणि ती मला १९९६ च्या त्या श्राद्धाच्या दुपारी लागली असावी.

हे त्या नव्या मुलाला कँटीनमध्ये सांगावं असं वाटलं होतं. पण सोमवारी रिलीज आहे, आणि त्याने आजच कोणाचा तरी कोड न विचारता ओव्हरराइट केलाय. आधी त्यावर बोलावं लागेल. फार ओरडणार नाही.

असो. कॅसेटवरची पिवळी चिकटपट्टी मी काढली. मागे टेपवर लावायला लेबल नव्हतं, ते या वेळी आणलं. अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'आई, १९८५. वर चिरंजीव, १९९३.'